फूटपाथवर राहताय? आधी लाईट बिल काढा

वय 18 ते 25, डोक्यावर छप्पर नाही आणि डोकंही जागेवर राहत नाही, अशा मुंबईतल्या तमाम पोरापोरींना सरकारी मदत कशी मिळवावी याचं हे मोफत मार्गदर्शन. गेल्या मंगळवारी उड्डाणपुलाखालच्या एका पोराला घेऊन साडेचार तास रांगेत उभा होतो, म्हणजे अनुभव दांडगा आहे.

अनाथ असाल तर अठरावा वाढदिवस टाळा. बालगृहात त्या दिवशी बॅग भरायची असते. पुढे 21 पर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे बाहेर पडल्यावरच्या आधाराची, सोय 2015 च्या बाल न्याय कायद्यात आहे. कुठे आहे काय विचारता? कायद्यात आहे म्हटलं ना!

निवारा शोधत फिरा. लाख वस्तीमागे एक निवारा हवा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलंय. 2011 च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे झाले. सापडले नाहीत तरी चालणं होतंच, आणि चालणं नैराश्यावर चांगलं.

झोपेत हात पसरू नका. 1959 चा भीकबंदी कायदा अजून आहे.

रात्री जीव नकोसा झाला तर 14416 फिरवा. टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. झोपेत मोबाइल चोरीला गेला असेल तर चोराकडून मागून घ्या.

आता मुख्य विषय, संजय गांधी निराधार योजना. निराधारांसाठीच असल्यामुळे आधार लागतं. शिवाय 15 वर्षं महाराष्ट्रात राहिल्याचा दाखला आणि वर्षाचं उत्पन्न 21 हजारांच्या आत असल्याचा तहसीलदारांचा दाखला. पोराच्या आधारवर पत्ता बालगृहाचा. खिडकीतले साहेब म्हणाले, "मग तिथंच राहतोस की!" म्हटलं, काढलं त्याला, दोन वर्षं झाली. "मग हे आधार चालणार नाही. आता राहतो तिथलं लाईट बिल आणा." पोरगं हळूच म्हणालं, "साहेब, लाईट खांबाची आहे." मागची रांग खो खो हसली. साहेबही हसले. मी म्हटलं, मनोविकाराच्या दाखल्याचं काय? 2016 च्या अपंग हक्क कायद्यात तेही अपंगत्वच आहे. तर म्हणाले, "दवाखान्यात न्या, पण बरोबर रक्ताचं माणूस लागेल. तुम्ही कोण याचे?" मी कोण? सकाळी एका टपरीवर चहा पितो आम्ही. हे नातं कुठल्या रकान्यात भरायचं? आणि रक्ताचं माणूस असतं तर ते पोर खांबाखाली झोपलं असतं का? एवढं होईतो त्याने हातातल्या कागदी टोकनचा घामाने लगदा केला होता. त्याचं असंच होतं, गर्दीत कुणी मोठ्याने बोललं की हात थरथरतात. मग साहेब म्हणाले, "टोकन दाखवा." आकडा पुसलेला. "नवीन घ्या, मागे जा."

मागे जा! सकाळी दहापासून उपाशी उभं होतं ते.

राहू द्या तो उपरोध, मला जमत नाही. साहेब, 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 18 वाचा. बेघर माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार फुकट मिळाले पाहिजेत, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. दारिद्र्यरेषेचं कार्डसुद्धा मागायचं नाही, मग रक्ताचं माणूस तुम्ही कुठून काढलंत? घर नाही म्हणून आलेल्याकडे घराचा पुरावा मागताना जीभ अडखळली कशी नाही? आणि रांगेत हसणाऱ्यांनो, तुमच्याच पोराच्या वयाचा होता तो. हसलात कशाला? खांबाची लाईट हा विनोद नव्हता, तो पत्ता सांगत होता.

येत्या मंगळवारी आम्ही परत येतोय. लाईट बिल आणणार नाही.