चोर सोडून सेन्सरला फाशी

सेकंडहँड गाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला, की माणूस पहिल्या दिवशी गाडी बंद करून पुन्हा चालू करतो. दुसऱ्या दिवशी दिव्याला टिचकी मारतो. त्यानंतर दिवा दिसू नये असं स्टिअरिंग धरायला शिकतो.

मला मात्र दिवा न लागणाऱ्या गाडीची जास्त धास्ती वाटते. चावी फिरवल्यावर, इंजिन सुरू होण्याआधी तो क्षणभर लागायलाच हवा. नाही लागला, तर कोणीतरी त्याचा बंदोबस्त केलेला असू शकतो. तो रीतसर लागून विझला, तरी गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर जोडून रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्यात का ते सांगणाऱ्या नोंदी, बघाव्यात. बरेचसे ‘नॉट रेडी’ असतील, तर बिघाडाचे कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी सोडवलेली आहे. विकणारा म्हणेल, ‘सर्व्हिसिंग केलंय’. असेलही.

कोड मिळाला, की खरा गोंधळ सुरू होतो. कोड ही फिर्याद असते, निकाल नव्हे. पी०१७१ एवढंच सांगतो, की हवा जास्त होतेय, पेट्रोल कमी पडतंय. ही खबर देतो एक्झॉस्टच्या धुरातला ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर. आणि आपण बदलतो काय? ऑक्सिजन सेन्सर!

त्यापेक्षा स्कॅनरवर फ्युएल ट्रिम वाचावा: कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा घटवतोय, तो आकडा. त्यातल्या शॉर्ट टर्म (क्षणाक्षणाचा) आणि लाँग टर्म (मुरलेला) यांची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असेल, तर सहसा चिंता नको. आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक २० आणि २,५०० आरपीएमला अधिक ५ दिसले, तर व्हॅक्यूमची गळती, म्हणजे इंजिनात चोरून हवा शिरण्याची जागा, शोधा: तडकलेला पाइप, इनटेकचं गॅस्केट. आयडलला इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, म्हणून चोरून आलेली हवा तिथेच डोळ्यांत भरते. उलट, लोड वाढेल तसा आकडा चढत गेला, तर पेट्रोलचा पंप थकलाय, फिल्टर तुंबलाय किंवा आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर मळलाय. अशा वेळी प्रेशर गेज लावल्याशिवाय पंपावर आळ घेऊ नये.

पी०४२० म्हणजे एक्झॉस्टचा धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कमी पडतोय, अशी फिर्याद. तो आला, की कन्व्हर्टरचा बळी ठरलेलाच. इंजिन तापवून कन्व्हर्टरच्या पुढच्या आणि मागच्या ऑक्सिजन सेन्सरांचा आलेख स्कॅनरवर बघा. नेहमीच्या व्होल्टेजवाल्या सेन्सरांत पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये हेलकावे खातो आणि मागचा ०.६-०.७ च्या आसपास शांत बसतो. मागचाही त्याच तालावर नाचू लागला, तर कन्व्हर्टर गेला म्हणायचं. तेही एक्झॉस्टला गळती नाही हे पाहून. इंजिन ऑइल जाळत असेल, तर नवा कन्व्हर्टरही जुन्याच्या वाटेने जाईल.

दिवा लुकलुकत असेल, तर विनोद बंद. मिसफायर होतंय, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही, आणि ते न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये शिरून त्याला भाजतंय. ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी थांबा.

पी०४५५ म्हणजे पेट्रोलच्या वाफेची मोठी गळती. इथे आधी टाकीचं झाकण बघा: रबरी रिंग चिरलीय का, झाकण ‘कट्ट’ वाजेपर्यंत फिरवलंय का. टाकी भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला कुरकुरत असेल, तर टाकीतली वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह उघडा अडकला असावा. तो काढून, वायर न जोडता, स्वच्छ नळीने फुंकर मारा; हवा आरपार जाता कामा नये.

झाकण घट्ट केल्यावर दिवा लगेच विझत नाही. वाफेच्या गळतीची तपासणी गाडी स्वतःच करते; ती गार इंजिनापासून सुरू होते, आणि अनेक गाड्यांत टाकी काठोकाठ किंवा तळाशी असेल, तर होतच नाही. तेव्हा अर्ध्या टाकीवर काही दिवस गाडी चालवा. तोवर टिचकी मारायला हरकत नाही.