बोली लावून बिनविरोध: पाच कंदिलाजवळचा वाद

धुळ्यात पाच कंदिलाजवळच्या कट्ट्यावर विषय निघाला खोंडामळीचा. नंदुरबारमधलं हे गाव आणि नाशिकमधलं उमराणे. सर्वांत मोठी बोली लावेल तोच बिनविरोध सरपंच, बाकीच्यांनी उभं राहायचं नाही; ही बोली एकीकडे 42 लाखांवर गेली, दुसरीकडे 2 कोटी 5 लाखांवर. जानेवारी 2021 मध्ये मतदानाच्या तोंडावर राज्य निवडणूक आयोगानं दोन्ही निवडणुका रद्द केल्या.

"पैसा देवळाला, भांडण नाही, दारू-मटण नाही," आप्पा म्हणाले. "गाव राजी, मग आयोगाच्या पोटात का दुखतं? गाव करी ते राव न करी."

वकीलसाहेबांनी जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास काढला. ज्यांच्यावर नियमाचा परिणाम होणार ते सगळे खुल्या चर्चेत राजी होऊ शकतील, तरच तो नियम वैध. "बोलीला शेतमजूर होता का? बाई होती का? आणि एकच अर्ज उरला की मतदानच नाही, म्हणजे 'यापैकी कुणीही नको' हे नोटाचं (NOTA) बटणही गेलं. नाराजी नोंदवायला जागाच नाही, आप्पा."

"मग गुजरातचं काय भो? तिथं तर समरस योजनेत बिनविरोध पंचायतीला सरकारच पैसे देतं!"

मुद्दा बिनतोड होता. वकीलसाहेबांनी चहा मागवला.

सर मात्र वेगळ्या वाटेनं आले. सामाजिक प्रघातांच्या अभ्यासक क्रिस्टिना बिक्किएरी सांगतात, प्रघात दोन अपेक्षांवर उभा असतो: बाकीचे असंच करतात, आणि मीही तसंच करावं असं त्यांना वाटतं. स्वतःची आवड त्यात असेलच असं नाही. दहापैकी सात जणांना बोली नकोशी असेल, पण प्रत्येकाला वाटतं बाकी नऊ राजी आहेत. सगळे गप्प, आणि त्या गप्प बसण्यालाच एकमत म्हणतात.

"हे ओळखायचं कसं?"

"हात वर करायला लावू नका, पहिला हात कुणी उचलत नाही. कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव नको. प्रश्न दोनच: बोली तुम्हाला पटते का? गावात शंभरातल्या किती जणांना पटत असेल? ग्रामसभेआधी महिलांची सभा कायद्यानं घ्यावीच लागते, सुरुवात तिथून करा. मोजायला इच्छुकांपैकी कुणी नको. मग दोन्ही आकडे ग्रामसभेत मोठ्यानं वाचा. आकडे कपाटात राहिले तर दुसऱ्याबद्दलचा अंदाज बदलत नाही, प्रघातही हलत नाही."

आप्पा हसले. "आणि बहुतेकांना बोली खरंच पटत असली तर?"

सर अडले. तसे आकडे वाचले तर प्रघात आणखी घट्ट होणार, हे त्यांनाही मान्य. पद्धतीतली ही खोट खरीच आहे.

तिथं वकीलसाहेब पुन्हा पुढे आले. घटनात्मक नैतिकता उपजत नसते, ती रुजवावी लागते, असं आंबेडकरांनी 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत सांगितलं होतं. "बहुमताला पटलं म्हणून एकाचा उभं राहायचा हक्क विकता येत नाही. बिनविरोध करा ना! पण ज्याला अर्ज भरायचा त्याला भरू द्या, माघारीसाठी त्याच्या दारात माणसं पाठवू नका."

"म्हणजे निवडणूक होणारच," आप्पा म्हणाले.

"झाली तर झाली."