‘भाड्याएवढाच हप्ता’ हे गणित ठाण्यात का बसत नाही

गेले काही महिने एक संदेश सोसायटीच्या, कार्यालयाच्या आणि नातेवाइकांच्या गटांतून सारखा फिरतो आहे. त्याचा आशय असा की भाडे म्हणजे पाण्यात घातलेले पैसे. तेवढ्याच हप्त्यात घोडबंदरला किंवा पनवेलच्या बाजूला स्वतःचे घर होते. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामक प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक असला की फसवणुकीची भीती उरत नाही. मेट्रो आणि विमानतळामुळे भाव चढणारच आहेत. आणि तरीही जे वर्ष-दोन वर्षे नुसती घरे पाहत हिंडतात, ते चोखंदळ नसून भित्रे आहेत. मी स्वतः पावणेदोन वर्षे घरे पाहतो आहे. त्यामुळे शेवटचे विशेषण माझ्यापुरते मान्य करून बाकीच्या विधानांचा हिशेब मांडतो.

पहिले विधान हप्त्याचे. मानपाड्याला आम्ही ज्या वन बीएचकेत राहतो त्याचे भाडे २४,००० रुपये आहे आणि त्याच तोडीच्या, बांधकाम चालू असलेल्या घराची किंमत आम्हाला ८० लाख सांगण्यात आली. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार या रकमेच्या कर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, म्हणजे ६४ लाख. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी त्याचा हप्ता सुमारे ५५,५०० रुपये होतो, म्हणजे भाड्याच्या दुपटीहून अधिक. शिवाय पहिल्या महिन्याच्या हप्त्यातील ४५,००० हून अधिक रुपये निव्वळ व्याजाचे असतात. भाड्याचे चोवीस हजार पाण्यात जात असतील, तर हे पंचेचाळीस हजार कोठे जातात, याचे उत्तर संदेशात नाही. पाच वर्षे इमानेइतबारे हप्ते भरल्यावर बँकेत सव्वातेहतीस लाख गेलेले असतात आणि मुद्दल जेमतेम साडेसात लाखांनी उतरलेले असते. व्याजावर प्राप्तिकराची सवलत आहे ना, असे कोणी विचारील. पण राहत्या घरासाठी ती जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपुरती आहे आणि नव्या प्रणालीत नाही.

हप्ता सुरू होण्याआधीची रक्कम तर संदेशात येतच नाही. स्वतःचे १६ लाख, ठाण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे ५ लाख ६० हजार (घर केवळ महिलेच्या नावावर घेतल्यास एक टक्का कमी), नोंदणीचे ३०,०००, आणि बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटीचे ४ लाख, अशी बेरीज २५ लाख ९० हजारांवर जाते. ही सगळी हातची हवी, कारण मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठी घराच्या किमतीत धरला जात नाही. पार्किंग, फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचा जादा दर) आणि ताब्याच्या वेळी आगाऊ मागितला जाणारा मेंटेनन्स मी यात धरलेला नाही. इमारत उभी राहीपर्यंत बँकेने दिलेल्या रकमेवरचे व्याज आणि राहत्या घराचे भाडे अशी दोन्ही ओझी एकाच पगारावर असतात. भाडेकरूच्या अडचणी मी नाकारत नाही. दर अकरा महिन्यांनी करार, वाढीव भाडे आणि दलालाला पुन्हा एक महिन्याची दलाली, हे सर्व आम्हीही सोसतो. परंतु त्यावरचा उपाय ‘तेवढ्याच पैशांत’ मिळतो, हे म्हणणे खरे नाही.

रेराने, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी आलेल्या स्थावर संपदा कायद्याने, फरक पडला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे आणि नोंदणीकृत करारनामा झाल्याखेरीज १० टक्क्यांहून अधिक रक्कम न घेण्याचे बंधन याच कायद्याने विकासकांवर आले. तरीही नोंदणी क्रमांक ही तपासाची सुरुवात आहे. याच ठाणे जिल्ह्यात, कल्याण-डोंबिवलीत, महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून ६५ इमारतींनी महारेराची नोंदणी मिळवल्याचे उघड झाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचा आदेश दिला. तेथे घरे घेणाऱ्यांनीही क्रमांक पाहिलेलाच होता. ताबा रखडल्यास व्याजासह परताव्याचा आदेश मिळतो, हेही खरे. पण विकासकाने तो पाळला नाही तर वसुली जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे व्हायची असते, आणि आदेश हातात पडणे व पैसे खात्यात येणे यांत किती अंतर असते, ते माझ्या एका आतेभावाने चांगले अनुभवले आहे.

क्षेत्रफळाबद्दल थोडक्यात. रेराच्या व्याख्येतील कार्पेटमध्ये, म्हणजे घराच्या आतल्या वापरायच्या क्षेत्रफळात, बाल्कनी येत नाही, मात्र आतल्या भिंती येतात. घोडबंदरच्या एका साइटवर चॅनेल पार्टनरने (विकासकाची घरे विकणाऱ्या दलालाने) जो आकडा तोंडी सांगितला त्यात डेक (बाल्कनी) आणि युटिलिटी (धुण्याभांड्यांची जागा) मिळवलेली होती, आणि खोल्या मोठ्या भासाव्यात म्हणून की काय, सॅम्पल फ्लॅटमध्ये त्यांना दारेच नव्हती. पलंग मला संशयास्पद आखूड वाटला, म्हणून माझ्या पत्नीने ओढणीने मापला. तो पावणेसहा फूट भरला.

मेट्रोचे म्हणणे निराधार नाही, फक्त त्यात वर्षे मोजलेली नाहीत. बेलापूर ते पेंधर या मेट्रोचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि पहिली गाडी नोव्हेंबर २०२३ मध्ये धावली. नवी मुंबई विमानतळाचे भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये आणि उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले. ही नावे घेऊन घरे मात्र पहिल्या दिवसापासून विकली गेली. म्हणजे भविष्यातील सोयीची किंमत आजच्या दरात आधीच वसूल होते, आणि घेणारा तोवर कासारवडवलीहून ठाणे स्टेशनपर्यंतचे सुमारे दहा किलोमीटर सकाळच्या कोंडीत काढतो. साइट दाखवायला गाडी रविवारीच का पाठवतात, हे आम्हाला तिसऱ्या रविवारी कळले.

राहिला भित्रेपणा. तडजोड करण्याची आमची तयारी नसती तर आम्ही इतकी घरे पाहिलीच नसती. नेरूळचे एक पुनर्विक्रीचे घर आवडले होते, पण जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्याची असल्याने हस्तांतरण शुल्काची भर पडली आणि बजेट ओलांडले. आता खारेगावातल्या एका जुन्या चार मजली इमारतीतले घर पाहून ठेवले आहे. लिफ्ट नाही, पार्किंग नाही, स्वयंपाकघरात दोघांनी एकदम उभे राहता येत नाही. परंतु पुनर्विक्रीचे असल्याने जीएसटी नाही, कळवा स्टेशनला रिक्षाने लवकर पोहोचता येते आणि हप्ता आम्हाला पेलेल असा आहे. मालकाने भाग प्रमाणपत्राची (सोसायटीतील समभागांच्या दाखल्याची) प्रत दाखवली आहे. भोगवटा प्रमाणपत्राची (इमारत राहण्यास योग्य असल्याच्या महापालिकेच्या दाखल्याची) प्रत मागितल्याला आज तिसरा आठवडा आहे, आणि ती येईपर्यंत टोकन (बयाणा) द्यायचे नाही असे आम्ही ठरवले आहे.