सडा मोकळा दिसतो म्हणून तिथे झाडं लावू नका

पाऊस सुरू झाला की वृक्षारोपणाचे फोटो सुरू होतात. रोपं, कुदळी, बॅनर. झाडं लावायला माझा विरोध नाही. पण यातले बरेच फोटो सड्यांवरचे, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या सपाट कातळ पठारांवरचे असतात, आणि ते बघून जीव तुटतो.

सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीतले जांभ्याचे सडे उन्हाळ्यात ओसाड दिसतात. काळा पडलेला कातळ, वाळकं गवत, एखादं खुरटं झुडूप. सरकारी नोंदीत अशी जमीन पडीक. मग कुणालाही वाटतं, इथे हिरवळ आणू. त्याच कातळावर जूनपासून काय उगवतं ते एकदा बसून, अक्षरशः गुडघ्यांवर बसून, पाहा.

मातीचा थर कुठे बोटभर, कुठे तेवढाही नाही. तिच्यात नत्र-स्फुरद जवळजवळ नाहीच. म्हणून इथल्या काही वनस्पती किडे खाऊन भूक भागवतात. सीतेची आसवं ही इवलीशी जांभळी फुलं दिसायला नाजूक, पण चिखलातल्या त्यांच्या बारीक फुग्यांत सूक्ष्म जीव ओढले जातात. दवबिंदू आपल्या चिकट केसांवर किडे धरतो. उथळ डबक्यांत वायतुरा येतो, वाय अक्षरासारखा दुभंगलेला. पाणी आटलं की त्याचा कंद चिखलात पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहतो. ही वनस्पती साताऱ्याच्या आसपासच्या पठारांवरची, आणि शास्त्रीय जगाला तिची ओळख झाली ती 1982 साली! आपल्या दारातली गोष्ट.

या सगळ्यांना ऊन लागतं. सावली आली की संपलं. जुन्नर भागातल्या कड्यांवरचं शिवसुमनही असंच उघड्यावर राहणारं. सड्यावर खड्डे काढायला जेसीबी चढला की कातळाचं कवच फुटतं आणि पाणी साचायची जागा बदलते. वर बाहेरून माती आणून टाकली की तिच्याबरोबर तण येतं. आणि लावतात काय, तर गिरिपुष्प नाहीतर ऑस्ट्रेलियन बाभूळ. रोप मेलं तर खड्डा राहतो, जगलं तर सावली. दोन्हीकडून फुलांचं नुकसानच.

साताऱ्याजवळच्या कास पठाराचा अनुभव यासाठी फार मोलाचा आहे. पश्चिम घाटातल्या ज्या 39 ठिकाणांना 2012 मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली, त्यांत कास आहे. गर्दी आवरायला तिथे जाळीचं कुंपण घातलं. हेतू चांगलाच होता. पण गुरंही थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाल्याची ओरड गावातूनच झाली. पुढे ते कुंपण काढलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या चरणाऱ्या म्हशी त्या पठाराचा भाग होत्या, हे गावकऱ्यांना ठाऊक होतं. त्यांना आधी विचारायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. गर्दीवर मर्यादा मात्र हवीच. एका फोटोसाठी फुलांत आडवं पडणाऱ्यांना दंड झालाच पाहिजे.

पण कासला निदान पहारा आहे, नाव आहे. नाव नसलेले शेकडो सडे आहेत. कुठे बॉक्साइटची खाण, कुठे पवनचक्क्यांचे रस्ते, कुठे हौसेची लागवड. कंदीलपुष्पाच्या कितीतरी जाती अशाच मोजक्या जागी उरल्या आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात त्या जपायचं मोठं काम झालंय. पण बागेत जगवलेलं रोप म्हणजे डोंगरावरचं रोप नव्हे. तिथे त्याचे परागण करणारे कीटकही लागतात.

तेव्हा झाडं जरूर लावा: गावठाणात, ओढ्याकाठी, उजाड झालेल्या देवराईच्या कडेला, आणि आपल्याच भागातल्या बियांची. सड्यावर खड्डे आखलेले दिसले तर ग्रामसभेत विषय काढा. 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता समिती आणि गावातल्या जीवसृष्टीची नोंद ठेवणारी लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. ती मागून घ्या, तुमचा सडा तिच्यात आहे का बघा. नसेल तर ऑगस्ट-सप्टेंबरात गुराखी, शाळेतली मुलं आणि एखादे वनस्पतिशास्त्राचे शिक्षक सोबत घेऊन सड्यावर जा आणि जे फुललंय ते लिहून काढा. खड्ड्यांचा विषय त्यानंतर.