पोरीचा गोटा आणखी किती वेळा करायचा?

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला चार जणींनी पाठवला. माहेरच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला, आणि गल्लीतल्या एका काकूंनी तर खाली ‘तुझ्यासाठीच आहे बघ’ असं लिहून पाठवला. मेसेज असा: ‘लहान मुलांचे राठ, गुंतलेले, बारीक कुरळे केस घरच्या घरी सरळ करा. जावळानंतर आणखी तीन वेळा गोटा करा, चौथ्या वेळी केस सरळच येतात. असे केस म्हणजे अंगात ताकद कमी असल्याची खूण. आपल्याकडे मुळात असे केस नसतातच. रोज भरपूर खोबरेल चोपडून बारीक फणीनं विंचरा, पाणी कमीत कमी लावा. घट्ट वेण्या घाला, केस वाढतील. जट झाली तर ती देवीची, कात्री लावू नका. एवढं करूनही जमलं नाही तर दहाव्या वर्षाच्या आत पार्लरमध्ये सरळ करून घ्या, कोवळे केस लवकर ऐकतात.’ शेवटी जोडलेले हात आणि ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’.

पोचला. आता माझं ऐका.

सुरुवात ‘आपल्याकडे असे केस नसतातच’ इथून करते, कारण हे वाचून माझा नवरा जेवता जेवता हसला. तो सिद्दी, कर्नाटकातल्या हल्याळकडचा. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची मराठा. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला, इकडे खानापूर, तिकडे धारवाडातलं कलघटगी, या सगळ्या जंगलपट्ट्यात सिद्दी कित्येक पिढ्या राहतात. त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून गुलाम म्हणून आणलं. बरेच जण पोर्तुगीजांच्या गोव्यातून पळून घाट चढून इकडे आले. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये बेळगाव-धारवाडच्या सिद्दींनाही यादीत घेतलं. त्याच वर्षी याच समाजातले शांताराम सिद्दी कर्नाटकच्या विधान परिषदेवर गेले. सासूबाईंची घरातली बोली कोकणी, मराठी आणि कानडीची अशी काही मिसळ आहे, की लग्न होऊन गेले तेव्हा पहिल्याच दिवशी मला बारा आणे कळली. आणि जंजिऱ्याच्या सिद्दींचे धडे शाळेत वाचलेल्या लोकांनी तरी ‘आपल्याकडे नसतात’ म्हणू नये. आफ्रिकेतून निजामशाहीत आलेला मलिक अंबर काय परग्रहावरचा होता?

तर माझी लेक सहा वर्षांची आहे आणि तिचे केस बापासारखे आहेत. स्प्रिंगसारखे, पेन्सिलीपेक्षाही बारीक वेढ्यांचे.

गोट्याचं घ्या. केस घडतो कातडीच्या खाली, मुळाच्या पिशवीत. ती पिशवी वाकडी असली की केस वळत वर येतो. वस्तरा फिरतो कातडीच्या वर. आत काय घडतंय ते वस्तऱ्याला कसं कळणार? ऊस तोडला म्हणून खोडव्याला ज्वारी येत नाही. गोट्यानंतर केस दाट लागतो तो टोक बोथट कापलं गेल्यामुळे, एवढंच. गंमत अशी, की लेकीचं जावळ मऊ होतं, जेमतेम लाटा असलेलं. पहिल्या वर्षी मामाच्या मांडीवर बसवून काढलं, आणि त्यानंतर हे घट्ट वेढे आले. मेसेजच्या हिशोबानं मग गोट्यानंच केस कुरळे झाले म्हणायचे! तसंही झालेलं नाही. बाळाचे जन्माचे केस पहिल्या वर्ष-दोन वर्षांत आपसूक बदलतात, आणि जावळ नेमकं त्याच काळात निघतं. मग श्रेय न्हाव्याला. ‘जावळ नीट काढलं नव्हतं काय गं हिचं?’ हे मी खानापूरच्या आठवडी बाजारात भाजी घेताना ऐकलेलं आहे, आणि विचारणाऱ्या बाईंशी माझी ओळखही नव्हती.

ताकदीचा मुद्दा तर उलटाच आहे. मुलाला प्रथिनं फार कमी पडली की क्वाशिओरकोर नावाचा आजार होतो. हे नाव आफ्रिकेतल्या घानामधल्या गा भाषेतलं, सिसिली विल्यम्स या डॉक्टरांनी १९३५ मध्ये ते वैद्यकात आणलं. त्या आजारात कुरळ्या केसांचा पीळ सैल पडतो, केस तांबूस आणि विरळ होतात, ओढले तर सहज हातात येतात. म्हणजे माझ्या लेकीचे केस उद्या आपोआप सरळ व्हायला लागले तर मी डॉक्टर गाठीन. आज ती दोन भाकऱ्या खाऊन वर दही मागते.

आता तेल, फणी आणि पाणी. इथं मेसेजनं जे सांगितलंय ते मी स्वतः दोन वर्षं केलंय, म्हणून जरा सविस्तर. रोज सकाळी वाटीभर खोबरेल, कोरड्या केसांत बारीक दातांची फणी, पोरगी रडतेय, मी ओरडतेय, फणीचे दात तुटताहेत. बेसिनमध्ये अर्ध्या बोटाएवढे केसांचे तुकडे. मला वाटायचं केस गळतात. एकदा तुकडे उन्हात धरून नीट पाहिले, तर मुळाची पांढरी गाठ एकालाही नव्हती. गळत नव्हते, मी तोडत होते.

सरळ केसावर टाळूचं तेल घसरत टोकापर्यंत जातं. स्प्रिंगसारख्या केसाला वळणावळणावर अडतं, त्यामुळे टोक कोरडंच राहतं. शिवाय हा केस गोल नसतो, चपटा असतो, आणि प्रत्येक वळणापाशी नाजूक असतो. त्याला आधी हवं पाणी, मग ते पाणी धरून ठेवायला तेल. कोरड्यावर तेल चोपडलं की नुसता चिकट थर बसतो आणि धूळ बसते. खोबरेलाशी माझं भांडण नाही. ते केसात आतपर्यंत शिरतं आणि धुताना होणारी झीज कमी करतं. पण ओल्या केसाला, बोटांच्या टोकावर येईल एवढंच. सासूबाई आधी हात पाण्यात बुडवायच्या, मग तेलात, हे मी लग्नानंतर पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, काय ही पद्धत. डोक्यात कोंड्याचे पापुद्रे असतील तर मात्र टाळूला तेल नकोच. कोंड्यामागची बुरशी त्यावरच पोसते.

आमच्याकडे आता रविवार ठरलेला आहे. आठवड्यातून एकदा धुणं, बाकीच्या दिवशी इस्त्रीच्या कपड्यांवर पाणी मारायची बाटली. डोक्याचे चार भाग करायचे आणि तीन चिमट्यांत अडकवायचे. चौथा ओला करून कंडिशनर लावायचा, इतका की केस हातातून सुळकन निसटावा. गुंता आधी बोटांनी सोडवायचा, मग मोठ्या दातांचा कंगवा. तोसुद्धा टोकापासून सुरू करून चढत चढत मुळाकडे. आपण सगळ्या जणी मुळापासून खाली ओढतो, आईनं तसंच शिकवलं. या केसांत तसं ओढलं की सगळ्या गाठी खाली जाऊन एकच मोठी गाठ होते. सगळं मिळून दीड तास जातो. टीव्हीवर कार्टून लावावं लागतं, आणि आता मलाही त्यातल्या पात्रांची नावं पाठ झालीत.

शिकेकाईची पूड एकदाच वापरली. केसाला वाईट नाही ती, पण चूर्ण वेढ्यांत अडकून बसलं आणि बुधवारपर्यंत पोरीच्या उशीवर भुकटी पडत होती. आता शिकेकाई वापरायची तर उकळून, फडक्यातून गाळलेलं पाणीच. केस टिपायला टॉवेल नको, बापाचा जुना सुती बनियन बरा. आणि उशीचा अभ्रा. सुती अभ्रा ओल शोषून घेतो आणि केस घासतो. रेशीम घसरतं. मी आईच्या विरलेल्या इरकलीचा पदर कापला. इरकलीचं अंग सुती पण पदर रेशमी, तो वेगळ्या ताण्याचा विणून जोडलेला असतो. आई दोन दिवस बोलली नाही, ते सोडा.

पाण्यानं सर्दी होते म्हणे. सर्दी विषाणूनं होते. आमच्या पावसाळ्यात केस लवकर वाळत नाहीत हे खरं, म्हणून सकाळी धुवायचे, रात्री नाही.

वेण्यांबद्दल मात्र मला राग आहे. लेकीच्या शाळेनं डायरीत लिहून पाठवलं, ‘केस व्यवस्थित तेल लावून दोन घट्ट वेण्या.’ मी घातल्या. महिन्याभरात कपाळाच्या कडेला बारीक पुटकुळ्या आणि कानशिलाजवळ केस विरळ. सततच्या ताणानं मूळ दुखावतं. वेळेत सैल केलं तर केस परत येतात, वर्षानुवर्षं ओढत राहिलं तर जागा कायमची मोकळी राहू शकते. वेणीनं केस वाढतही नाहीत, ते मुळाशी वाढतात, महिन्याला सेंटिमीटरच्या आसपास, या वळणाचे किंचित हळू. ‘वाढतच नाहीत’ असं वाटतं त्याचं कारण वेगळं आहे. पट्टी घेऊन मोजलं मी. मानेजवळची एक बट ओली करून ताणली तर अठरा सेंटिमीटर. सोडली, वाळली, तर सहा. बारा सेंटिमीटर केस डोक्यावरच आहेत, दिसत नाहीत एवढंच. मी बाईंना भेटून हे दाखवलं, खरंच पट्टी घेऊन. आता चार सैल वेण्या आणि शाळेच्या रंगाच्या रिबिनी, यावर तोडगा निघाला. बाई चांगल्या होत्या, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

जटेचं वाचून मात्र हसू आलं नाही. आपण सौंदत्तीच्या मुलखातली माणसं. माघी पौर्णिमेला, म्हणजे भारत हुण्णिमेला, यल्लम्माच्या डोंगरावर भंडाऱ्यानं माखलेल्या जटा आपण सगळ्यांनी पाहिल्यात. आणि पोरीच्या डोक्यात जट आली म्हणून तिला देवीला सोडलं, हेही आपल्याच जिल्ह्यात घडत होतं. देवदासी सोडण्यावर कर्नाटकात १९८२च्या कायद्यानं बंदी आली. यल्लम्माला मीही जाते, ओटी भरते. पण जट देवी देत नाही. आपले रोज काही केस गळतात, साधारण पन्नास ते शंभर. सरळ केस गळून जमिनीवर पडतो. वेढ्यांच्या केसांत गळलेला केस पडायला वाटच नसते, तो शेजारच्या जिवंत केसाला वेटोळं घालून बसतो. त्यावर तेल, धूळ, भंडारा. दोन-तीन आठवडे हात लावला नाही की दोरखंड तयार. मागच्या वर्षी लेकीला गोवर झाला, तेव्हा बारा-तेरा दिवस डोक्याला हात लावला नव्हता. मानेवर लिंबाएवढा गोळा झाला. शेजारच्या आजींनी तो पाहून हात जोडले आणि मला म्हणाल्या, ‘आता कात्री लावू नकोस बाई.’ कात्री लावलीच नाही. कंडिशनर आणि खोबरेल लावून, दाभणासारख्या कंगव्याच्या शेपटानं एक एक पदर मोकळा करत दोन संध्याकाळी गेल्या. सुटला. नसता सुटला तर कापला असता. महाराष्ट्रात अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते वर्षानुवर्षं जटा कापून बायकांच्या मानेवरचं ओझं उतरवताहेत, त्यातल्या कुणावर कोप झाल्याचं मी ऐकलेलं नाही. कुणी आवडीनं, धुऊन-सांभाळून जटा ठेवत असेल तर ठेवू दे. सहा वर्षांच्या पोरीनं ती आवड सांगितलेली नसते.

राहिलं पार्लर. सरळ करायच्या क्रीममध्ये तीव्र अल्कली असतं, काहींत तर सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे नळी साफ करायच्या पावडरीतलं कॉस्टिक. ते केसातले गंधकाचे बंध तोडतं. मुलांची टाळू पातळ, भाजायला वेळ लागत नाही. गरम इस्त्रीनं करायच्या काही उपचारांतून फॉर्माल्डिहाइडची वाफ येते. अमेरिकेत सुमारे ३३,५०० बायकांच्या पाहणीत २०२२ मध्ये दिसलं, की वर्षात चारपेक्षा जास्त वेळा सरळ करणारी रसायनं वापरणाऱ्यांत गर्भाशयाच्या कर्करोगाचं प्रमाण दुपटीहून जास्त होतं. तेवढ्यानं कारण सिद्ध होत नाही, मान्य. पण पोरीच्या डोक्यावर मी ती पैज लावणार नाही. आणि मुळातून येणारा नवा केस वळूनच येणार, म्हणजे दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तेच.

काकूंना हे सगळं लिहून पाठवलं. त्यांचं उत्तर आलं, ‘बरं, मग ते चकचकीत कशानं दिसतात गं?’ जवसानं. चटणीला आणतो तेच. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद उकळायचे, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की गॅस बंद, आणि लगेच, गरम असतानाच फडक्यातून गाळायचं. थंड झालं की थेंब उतरत नाही. ओल्या केसांत मुठी आवळत लावायचं, वाळेपर्यंत हात लावायचा नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. डब्यावर चिठ्ठी लावा मात्र. आमच्याकडे एकदा ते साखर घालून खाऊन झालं, आणि खाणाऱ्यानं वर विचारलं, ‘खीर आज एवढी बुळबुळीत का?’