गाणी गाळली तर गोष्टच उरत नाही

हॉलिवूडच्या जुन्या रोमँटिक म्युझिकल्सवर तुटून पडणारा एक मजकूर सध्या बराच फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १९३० ते ५०च्या दशकांतल्या या चित्रपटांना कथा अशी नाहीच. माणसं बोलता बोलता अचानक गायला लागतात. नाच म्हणजे कॅमेऱ्याची हातचलाखी. नायिका शोभेची बाहुली. आणि हा सगळा खटाटोप महामंदीत होरपळलेल्या लोकांना भुलवण्यासाठी होता, त्यामुळे आज त्यात पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. ज्यांनी यातला एकही चित्रपट पाहिलेला नाही तेही हे वाचून माना डोलावताहेत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून एकेक मुद्दा घेऊन बोलू.

'कथा नाही. गाणी गाळली तर हाती काही लागत नाही.'

गाणी गाळल्यावर हाती काही लागत नाही, हे अगदी खरं. कारण इथे गोष्ट घडते तीच गाण्यांत आणि नाचांत.

१९३५चा 'टॉप हॅट' घ्या. दिग्दर्शक मार्क सँड्रिच, गाणी अर्व्हिंग बर्लिनची, पडद्यावर फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स. लंडनच्या बागेत ती घोड्यावरून रपेट करायला आली आहे. पाऊस कोसळतो आणि ती एका मंडपात आसरा घेते. तिच्या मागे लागलेला तोही तिथे पोचतो. ती त्याच्यावर वैतागलेली, पण ढग गडगडले की दचकते. मग तो तिला गडगडाटाचं शास्त्र समजावतो: एक धांदरट ढग एका गुबगुबीत ढगुलीच्या मागे लागतो, ती रडते तो पाऊस, दोघांत ठिणगी उडते ती वीज आणि ते एकमेकांचं चुंबन घेतात तो गडगडाट. यानंतर तो 'इजन्ट धिस अ लव्हली डे' गायला लागतो. ती त्याच्याकडे पाठ करून बसलेली. तिचा चेहरा त्याला दिसत नाही, आपल्याला दिसतो, आणि एकेका ओळीसरशी त्यावरचा राग उतरत जाताना आपण पाहतो. त्याच्या आधी आपल्याला कळलेलं असतं.

गाणं संपतं आणि तो शीळ घालत चालायला लागतो. ती उठते आणि त्याच्या चालीची नक्कल करत मागून चालते. तिने घोडेस्वारीचे कपडे घातलेत, विजार आणि जाकीट. घोळदार झगा नाही, उंच टाचा नाहीत. तो एक पाऊल टाकतो, ती तेच टाकून दाखवते. तो चकित होऊन आणखी अवघड काही करतो, ती तेही करते. बराच वेळ दोघं एकमेकांना हातसुद्धा लावत नाहीत. मग वीज कडाडते, लय वाढते, आणि मघाशी एकमेकांना जोखणारी ही दोन माणसं एकमेकांच्या हातांत गरगर फिरायला लागतात. शेवटी मंडपाच्या कडेला बसून काय करतात, तर हस्तांदोलन. प्रेमात पडताना आधी एकमेकांचा आदर वाटावा लागतो, ही गोष्ट इतकी नेमकी सांगणारं दृश्य मला संवादी चित्रपटांत फार थोड्या वेळा सापडलं आहे.

याला काळाचंही कारण आहे. १९३४पासून हॉलिवूडमध्ये निर्मिती-संहितेची अंमलबजावणी कडक झाली. चुंबन किती वेळ, शयनगृहात काय दाखवायचं, सगळ्याला कात्री. जे उघड दाखवता येईना ते नाचात गेलं. त्याच चित्रपटातला 'चीक टू चीक'चा नाच बघा. गैरसमजातून नायिकेची खात्री झालेली असते की हा माणूस आपल्या मैत्रिणीचा नवरा आहे. आणि ती मैत्रीणच हसत हसत तिला त्याच्याबरोबर आणखी जवळून नाचायला खुणावते! नायिकेचं मन एकीकडे ओढ घेतंय, दुसरीकडे ते पाप वाटतंय. ही घालमेल संवादांत जवळजवळ नाहीच. ती मागे झुकते, सावरते, पुन्हा झुकते, त्यात सगळं आहे.

पुढच्याच वर्षीच्या 'स्विंग टाइम'मध्ये जॉर्ज स्टीव्हन्सने हे आणखी पुढे नेलं. संगीत जेरोम कर्नचं, शब्द डोरोथी फील्ड्सचे. 'द वे यू लुक टुनाइट' या गाण्याला ऑस्कर मिळालं आणि जगभरच्या लग्नांत ते आजही वाजतं. चित्रपटात ते येतं कसं? तो बाहेरच्या खोलीत पियानोवर बसून गातोय, आज तू किती सुंदर दिसतेस. ती आत केस धुतेय. गाणं ऐकता ऐकता भान हरपून ती तशीच बाहेर येते, डोकं साबणाच्या फेसाने माखलेलं, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवते. तो वळून बघतो तेव्हा तिला आपल्या अवताराची जाणीव होते आणि ती पळते. इतकं देखणं गाणं लिहून घ्यायचं आणि नायिकेला फेसाळ डोक्याने उभं करायचं, याला धाडस लागतं. आणि त्याने गाण्याचा अर्थच खरा होतो, कारण माणूस प्रेमात असला की त्याला ती अशा अवतारातही सुंदरच दिसते.

शेवटाकडे 'नेव्हर गॉना डान्स' येतं. ती दुसऱ्याशी लग्न करणार आहे. ओस पडलेल्या नाइटक्लबमध्ये तो सांगतो की आता मी कधीच नाचणार नाही. दोघं नुसती शेजारी शेजारी चालतात, त्या चालण्याचा नकळत नाच होतो, आणि त्यांच्या आधीच्या गाण्यांचे सूर पुन्हा ऐकू येतात. दोन वेगवेगळ्या जिन्यांनी ती वर चढतात, वर भेटतात, गिरक्या घेतात, ती निघून जाते आणि तो उभा राहतो. एका नाचात संपूर्ण नात्याची उजळणी आणि ताटातूट. याला कथा म्हणायचं नाही तर कशाला?

'मधेच गायला लागतात.'

'मधेच' हेच मुळात खरं नाही. बोलण्यातून गाण्यात शिरायचं कसं, यावर त्या लोकांनी जेवढी डोकेफोड केली तेवढी क्वचितच कुणी केली असेल. रूबेन मामुलियनच्या 'लव्ह मी टुनाइट'मध्ये (१९३२) पॅरिसमधला एक शिंपी 'इजन्ट इट रोमँटिक' गुणगुणतो. ती चाल त्याच्या गिऱ्हाइकाच्या ओठी बसते, त्याच्याकडून टॅक्सीवाल्याकडे, त्याच्याकडून एका संगीतकाराकडे, मग रेल्वेतल्या सैनिकांकडे, जिप्सींच्या तांड्याकडे, आणि अखेर दूरच्या वाड्यातल्या राजकन्येच्या कानी जाते. नायक-नायिकेची भेट व्हायची आहे, पण गाण्याने त्यांना आधीच जोडलंय.

'सिंगिंग इन द रेन'मध्ये (१९५२) जीन केली पावसात गायला लागण्याआधी काय करतो ते नीट पाहा. प्रेयसीला दारात निरोप देतो, वाट पाहणाऱ्या गाडीला हाताने जा म्हणतो, निरर्थक अक्षरं गुणगुणत चार पावलं टाकतो, छत्री मिटतो. शब्द त्यानंतर येतात. 'द बँड वॅगन'मध्ये (१९५३) अस्टेअर आणि सिड शरीस सेंट्रल पार्कमध्ये नुसते फिरत असतात. दोघांची पावलं एका लयीत पडायला लागतात आणि नाच कुठल्या क्षणी सुरू झाला हे बोट ठेवून सांगता येत नाही.

आणि हा आक्षेप मराठी माणसाने घ्यावा, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून, म्हणजे १८८०पासून, रंगमंचावरचं पात्र भावना अनावर झाली की पद म्हणतं, हे आपण आनंदाने मान्य केलेलं आहे.

'नाच म्हणजे कॅमेऱ्याची करामत.'

वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे. अस्टेअरचा आग्रह असे की नाचताना माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे आणि कट्स शक्य तितके कमी हवेत. चेहऱ्याचा क्लोजअप नको, नुसत्या पायांचा नको, मधेच टाळ्या पिटणारे प्रेक्षक नकोत. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. नृत्यदिग्दर्शक हर्मीस पॅनबरोबर तो आठवडेच्या आठवडे तालीम करी. 'नेव्हर गॉना डान्स'चे एका दिवसात ४०हून अधिक टेक झाले आणि रॉजर्सच्या बुटांत रक्त आलं.

'सिंगिंग इन द रेन'मधला पावसातला नाच केलीने १०३ अंश तापात केला. त्या पावसात दूध मिसळलं होतं अशी एक सांगोवांगी गोष्टही फिरत असते. दूध वगैरे काही नव्हतं, धारा दिसाव्यात म्हणून मागून प्रकाश टाकला होता. त्याच चित्रपटात १९ वर्षांची, नृत्यात मुरलेली नसलेली डेबी रेनॉल्ड्स केली आणि डोनाल्ड ओ'कॉनर यांच्या बरोबरीने नाचली आणि 'गुड मॉर्निंग'च्या चित्रीकरणानंतर तिचे पाय रक्ताळले. कलाकारांना असं पिळून काढणं मला बरं वाटत नाही. पण ज्यांनी इतकं सोसलं त्यांच्या कामाला हातचलाखी म्हणणं हा अन्याय आहे.

आवाजाबाबत मात्र जोडकाम होतं, हे सांगायला हवं. टॅपचे, म्हणजे बुटांच्या ठोक्यांवर चालणाऱ्या नाचाचे, आवाज बहुतेक वेळा नंतर ध्वनिमुद्रित होत, आणि रॉजर्सचे टॅप कित्येकदा पॅनने वाजवलेत. 'द बँड वॅगन'मध्ये सिड शरीससाठी इंडिया अॅडम्स गायली आहे. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्याला त्यात वावगं काय वाटावं?

'नायिका शोभेची बाहुली.'

'टॉप हॅट'मधली ही बाहुली नायकाच्या मुस्काटात देते. 'स्विंग टाइम'मध्ये ती नोकरी करणारी नृत्यशिक्षिका आहे. नायकाच्या थापेमुळे तिची नोकरी जाते, आणि 'पिक युअरसेल्फ अप'चा धमाल नाच होतो तो ती परत मिळवून देण्यासाठी. 'चीक टू चीक'साठी रॉजर्सने शहामृगाच्या पिसांचा झगा हट्टाने घातला. पिसं गळून सगळीकडे उडायला लागली, अस्टेअर चिडला, दिग्दर्शकाचाही विरोध होता. ती हटली नाही. आज तो झगा वगळून त्या नाचाची कल्पनाच करता येत नाही. पडद्यामागेही बघा: 'स्विंग टाइम'चे शब्द एका बाईचे, आणि 'सिंगिंग इन द रेन' व 'द बँड वॅगन' या दोन्हींच्या लेखनात बेटी कॉम्डेन, अॅडॉल्फ ग्रीनच्या बरोबरीने.

पण इथे टीकाकारांच्या हाती खरा मुद्दा होता आणि तो त्यांनी सोडून दिला. 'फनी फेस'मध्ये (१९५७) अस्टेअर ऑड्री हेपबर्नपेक्षा ३० वर्षांनी मोठा आहे आणि ते अंतर खटकतं. त्याहून गंभीर गोष्ट वर्णाची. मला अतिशय प्रिय असलेल्या 'स्विंग टाइम'मध्येच अस्टेअर तोंडाला काळं फासून एक नाच करतो. कृष्णवर्णीय टॅप-नर्तक बिल रॉबिन्सनला मानवंदना हा हेतू होता, तरी ते पाहवत नाही. एमजीएम स्टुडिओने लीना हॉर्नसारख्या कृष्णवर्णीय गायिकेला कथेपासून सुटी गाणी दिली, म्हणजे अमेरिकेच्या वर्णभेदी दक्षिणेतल्या थिएटरांत ती कापून टाकता यावीत. निकोलस बंधू या कृष्णवर्णीय नर्तकांचा 'स्टॉर्मी वेदर'मधला (१९४३) जिन्यावरचा नाच पाहिला की कळतं, प्रेमकथांचे नायक व्हायची कुवत कुणात होती आणि संधी कुणाला नाकारली गेली. या चित्रपटांवर ठेवायचा सगळ्यात मोठा ठपका हा आहे, आणि त्यावर माझ्याकडे बचाव नाही.

'मंदीत लोकांना भुलवण्यासाठी काढलेले.'

लोकांना विरंगुळा हवा होता आणि स्टुडिओंना पैसा, हे उघड आहे. पण वास्तवाकडे पाठ फिरवली म्हणणं चूक. 'गोल्ड डिगर्स ऑफ १९३३' सुरू होतो तो पैशांच्या नाण्यांनी नटलेल्या मुलींच्या गाण्याने, आणि ते गाणं अर्ध्यावर थांबतं, कारण निर्मात्याने बिलं थकवल्यामुळे जप्तीवाले येऊन धडकतात. शेवटचं गाणं 'रिमेंबर माय फरगॉटन मॅन'. पहिल्या महायुद्धात लढलेले सैनिक फुकट पावाच्या रांगेत उभे आहेत आणि नृत्यदिग्दर्शक बसबी बर्कलीने ते अख्ख्या पडद्यावर मांडलंय. त्याच्या आदल्या वर्षीच, १९३२मध्ये, बोनसची मागणी घेऊन वॉशिंग्टनला आलेल्या माजी सैनिकांना लष्कर पाठवून हुसकावलं होतं. ताजी जखम होती ती. 'स्विंग टाइम'चा नायकसुद्धा खिशात पैसा नाही म्हणून लग्नाच्या रुबाबदार पोशाखात मालगाडीला लटकून न्यूयॉर्क गाठतो.

'आज त्यात पाहण्यासारखं काही नाही.'

यावर फार बोलायला नको. 'ला ला लँड'मध्ये (२०१६) संधिप्रकाशात, टेकडीवर, एकाच टेकमध्ये दोघं टॅप करतात, तो धडा अस्टेअर-रॉजर्सचाच. आणि धागा आपल्यापर्यंतही येतो. गोव्याहून मुंबईत आलेले वादक हॉटेलांत अमेरिकन स्विंग संगीत वाजवत आणि स्टुडिओत हिंदी गाण्यांना साथ करत. भगवानदादांच्या 'अलबेला'त (१९५१) सी. रामचंद्रांच्या चालींमागे चिक चॉकलेट म्हणून गाजलेल्या, गोव्यातल्या अल्दोण्याच्या ट्रम्पेटवादकाचा हात होता.

एक विनंती मात्र आहे. हे चित्रपट दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांत पाहू नका. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, आणि 'कथा नाही' हा आरोपही बहुधा अशा तुकड्यांतूनच जन्मला असावा. 'नेव्हर गॉना डान्स' एकटं पाहिलं तर तो एक सफाईदार नाच वाटेल. 'स्विंग टाइम' पहिल्यापासून पाहा, नृत्यशाळेतली ती थाप, फेसाने माखलेले केस, बर्फातलं भांडण, सगळं पाहा, आणि मग त्या जिन्यापाशी या.