इंग्लंडची न खेळलेली षटके : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, तीही आडपडदा न ठेवता, याबद्दल आभार. इंग्लंडचा एकदिवसीय संघ वारंवार का हरतो, याचे कारण मी त्यांच्या देशांतर्गत पन्नास षटकांच्या स्पर्धेच्या दुरवस्थेत शोधले होते. त्यावर आपले म्हणणे असे की, व्यवस्थेवर खापर फोडून मी खेळाडूंना मोकळे सोडले. तेव्हाचा कर्णधार जोस बटलर याच्या चुकलेल्या निर्णयांबद्दल अवाक्षर काढले नाही. आणि आपले भारतीय तारे तरी विजय हजारे करंडकात, म्हणजे आपल्या देशांतर्गत पन्नास षटकांच्या स्पर्धेत, कितीसे खेळतात, हा साधा प्रश्नही मला पडला नाही. यांतला बटलरविषयीचा आक्षेप पूर्णपणे मान्य आहे, खेळाडूंविषयीचा अर्धामुर्धा मान्य आहे आणि विजय हजारे करंडकाबद्दलचे उत्तर जरा लांबेल.

बटलरचे आधी आटोपतो. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी एकदिवसीय विश्वचषकात वानखेडेवर नाणेफेक जिंकून त्याने दक्षिण आफ्रिकेला फलंदाजी दिली. मुंबईचा ऑक्टोबर ज्यांनी लोकलच्या डब्यात काढला आहे, त्यांना त्या निर्णयावर भाष्याची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेने ७ बाद ३९९ केल्या, इंग्लंडचा डाव २२ षटकांत १७० धावांवर संपला आणि २२९ धावांनी पराभव झाला. हा निर्णय चुकीचा होता, आणि तो मी लेखात नोंदवायला हवा होता. मात्र त्याच स्पर्धेत दिल्लीला अफगाणिस्तानविरुद्ध २१५, बंगळुरूला श्रीलंकेविरुद्ध १५६ आणि लखनौला भारताविरुद्ध १२९ धावांत इंग्लंडचा संघ बाद झाला, त्यांतला प्रत्येक डाव ४१ षटकांच्या आत आटोपला, याचा हिशेब वानखेडेवरच्या नाणेफेकीने लागत नाही.

आता खेळाडूंच्या वृत्तीबद्दल. ‘पैसा मिळाला, भूक संपली,’ असे आपण लिहिले आहे. मला हे पटत नाही, आणि त्याचे कारण मी डोळ्यांनी पाहिले आहे. ६ फेब्रुवारी २०२५ रोजी भारत-इंग्लंड एकदिवसीय सामन्याला मी नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानात होतो. हर्षित राणाच्या एका षटकात फिल सॉल्टने २६ धावा कुटल्या तेव्हा आमच्या रांगेत शांतता पसरली होती. माझ्या शेजारचे काका भारताला साडेतीनशेचा पाठलाग करावा लागणार असे ठामपणे सांगू लागले होते. नवव्या षटकात बिनबाद ७५ असताना सॉल्ट तिसऱ्या धावेसाठी धावत सुटला, बेन डकेटने त्याला परत पाठवले आणि श्रेयस अय्यरच्या फेकीवर तो धावबाद झाला. पुढच्याच षटकात राणाने डकेट आणि हॅरी ब्रूक या दोघांनाही घरी पाठवले. बिनबाद ७५ वरून ३ बाद ७७! डाव २४८ वर संपला आणि भारताने ४ गडी राखून सामना जिंकला. त्या पहिल्या आठ-नऊ षटकांत मला भुकेची कमतरता कुठेही दिसली नाही. दिसले ते, घाई करण्याचे काही कारण उरलेले नसतानाही घाईशिवाय दुसरा मार्ग ठाऊक नसलेले फलंदाज. पुढे कटकला ३०४ आणि अहमदाबादला २१४ धावा झाल्या. तिन्ही सामन्यांत इंग्लंड सर्वबाद, आणि मालिका ३-०.

विश्वचषकाचा पहिलाच सामना आठवून पाहा. अहमदाबादला न्यूझीलंडविरुद्ध इंग्लंडच्या अकराच्या अकरा फलंदाजांनी दोन आकडी धावा केल्या. एकदिवसीय क्रिकेटच्या इतिहासात असे प्रथमच घडले. तरीही धावफलकावर ९ बाद २८२ एवढेच लागले, जो रूटच्या ७७ सर्वाधिक ठरल्या आणि न्यूझीलंडने केवळ एक गडी गमावून ३७व्या षटकात विजय मिळवला. प्रत्येकाला सुरुवात मिळाली आणि ती पुढे कशी न्यायची हे जवळपास कोणालाच उमगले नाही. अकराव्या ते चाळिसाव्या षटकांदरम्यान एकेरी-दुहेरी धावा काढत, फिरकीचे दोन-तीन निर्धाव चेंडू सोसत डाव बांधणे ही एक वेगळी कारागिरी आहे. ती वीस षटकांच्या सामन्यात शिकता येत नाही, कारण तिथे ती वेळच येत नाही. गोलंदाजीतही तेच. २०१९च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात मधल्या षटकांत बळी घेणाऱ्या लियम प्लंकेटने ४२ धावांत ३ बळी घेतले, आणि तो त्याचा अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. ती जागा आजतागायत नीट भरलेली नाही. एकटा आदिल रशीद किती ओढणार? २०२५च्या चॅम्पियन्स करंडकात लाहोरला इंग्लंडने ३५१ धावा करूनही ऑस्ट्रेलियाने त्यांना हरवले, ते उगाच नव्हे.

आता विजय हजारे करंडक. आपले म्हणणे वरवर पाहता खरे आहे. विराट, रोहित वा बुमराह वर्षानुवर्षे तिथे अभावानेच दिसत आले आहेत. परंतु प्रश्न प्रस्थापितांचा नाही, त्यांच्या मागून येणाऱ्यांचा आहे. ही स्पर्धा आयपीएलच्या काळात भरवली जात नाही, त्यामुळे राष्ट्रीय संघात नसलेले बहुतेक गुणी खेळाडू तिच्यात उतरतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या ऋतुराज गायकवाडने उत्तर प्रदेशाविरुद्ध एका षटकात (एका नो-बॉलसह) सात षटकार मारले, हे सर्वांना आठवते. ते षटक डावातले ४९वे होते आणि ऋतुराज सलामीला आलेला होता, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १५९ चेंडू खेळून नाबाद २२० धावा करताना ते सात चेंडू येईपर्यंत खेळपट्टीवर उभे राहण्याचे काम त्याने आधी केले होते. याउलट इंग्लंडमध्ये २०२१पासून पन्नास षटकांची स्पर्धा आणि शंभर चेंडूंच्या डावांची ‘द हंड्रेड’ ही स्पर्धा ऐन ऑगस्टमध्ये एकाच वेळी होतात. चांगले खेळाडू साहजिकच ‘द हंड्रेड’मध्ये जातात आणि कौंटी संघ उरलेल्यांना घेऊन पन्नास षटके भरून काढतात. म्हणजे तिकडे प्रस्थापित तर नसतातच, पण उद्याचे खेळाडूही नसतात.

सप्टेंबर २०२५ मध्ये साउदॅम्प्टनला इंग्लंडने दक्षिण आफ्रिकेला ३४२ धावांनी हरवले, हा विक्रमी विजय आपण माझ्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडला आहे. त्या सामन्यात जेकब बेथेलने शतक केले, आणि व्यावसायिक क्रिकेटच्या कोणत्याही प्रकारातले ते त्याचे पहिलेच शतक होते. एवढी गुणवत्ता असलेल्या मुलाला पहिले शतक थेट देशाकडून खेळताना करावे लागते, यावर आपण आणि मी वेगवेगळे निष्कर्ष काढू शकतो. पण त्याच मालिकेत, काही दिवस आधी, लीड्सला हाच संघ पंचवीस षटकेही न खेळता १३१ धावांत बाद झाला होता आणि मालिका २-१ अशी गमावली गेली, हेही त्या पुराव्यासोबत ठेवावे लागेल.

कर्णधार बदलताच संघ सावरेल, असे आपण शेवटी लिहिले आहे. बटलरने फेब्रुवारी २०२५ अखेरीस राजीनामा दिला आणि ब्रूककडे सूत्रे आली. ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडच्या दौऱ्यात माउंट माँगानुई येथे स्वतः ब्रूकने १३५ धावा केल्या, असामान्य खेळी होती ती. संघाच्या एकूण २२३. पुढे हॅमिल्टनला १७५, वेलिंग्टनला २२२. मालिका न्यूझीलंडने ३-० जिंकली, आणि तिन्ही सामन्यांत मिळून इंग्लंडने अडतीस षटके न खेळताच सोडून दिली.